चार डिस्कची मांडणी ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मुलुंडला राहता, हौशी आणि प्रायोगिक नाट्यसंस्थांच्या प्रयोगांचे चित्रीकरण व संकलन करता, आणि आजवरचे सुमारे ७ टीबी चित्रीकरण निरनिराळ्या एक्सटर्नल डिस्कवर विखुरलेले आहे. त्यात दरवर्षी अंदाजे २ टीबीची भर पडते. घरी एक जुना डेस्कटॉप आहे; त्यात सहा साटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या खाचा), मोठ्या डिस्क बसवायला चार जागा आणि १६ जीबी रॅम आहे. हे सगळे चित्रीकरण त्यावर एकत्र ठेवायचे आणि जोडीला शिकण्यासाठी चार-पाच व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगळे संगणक) चालवायची, अशी तुमची इच्छा आहे. त्यासाठी ८ टीबीच्या चार डिस्क एकाच दुकानातून घेऊन रेड ५ (एक डिस्क गेली तरी माहिती वाचेल अशी डिस्कची एकत्र मांडणी) करावे, एखादे जुने रेड कार्ड मिळवावे आणि वेगासाठी एक एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) कॅश, म्हणजे नेहमी लागणारे हाताशी ठेवण्याची जागा, म्हणून लावावी, असा बेत आहे. तो बरोबर आहे की रेड १० करावे, एवढेच तुम्ही विचारले आहे.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ओघात आणखी एक वाक्य लिहिले आहे: सगळे एकत्र झाले की एक्सटर्नल डिस्क पुसून पुन्हा चित्रीकरणाला वापरता येतील. माझ्या मते खरा प्रश्न त्या वाक्यात दडलेला आहे. ज्या दिवशी तुम्ही त्या डिस्क पुसाल, त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगाची एकुलती एक प्रत एका कॅबिनेटमध्ये, एका एसएमपीएसवर (मशीनला वीज देणाऱ्या डब्यावर), एका घरात असेल. त्या एसएमपीएसने सगळ्या डिस्क एकदम जाळल्या, तुमच्याच हातून चुकीचा फोल्डर पुसला गेला, एखाद्या व्हायरसने फाइलींना कुलूप घातले किंवा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती नेमकी त्या कोपऱ्यात उतरली, तर रेड ५, ६, १० यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. रेडचे काम एकच: एखादी डिस्क गेली तरी मशीन चालू ठेवणे. ते उपयुक्त आहे, पण तुमची पहिली गरज ती नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. मशीन दोन दिवस बंद राहिले तर तुमचे काय अडते? संकलनाचे काम ठरलेल्या तारखेला द्यायचे असेल तर अडेल. जुने प्रयोग नुसते जपायचे असतील तर फारसे अडणार नाही. नाट्यसंस्थांकडे स्वतःची प्रत असते का? असली तर धोका निम्मा होतो. पण प्रयोग पुन्हा तसाच होत नाही, त्यामुळे कच्चे चित्रीकरण पुन्हा मिळणार नाही असे धरूनच मी पुढचे लिहितो आहे. डिस्कच्या किमती मुद्दाम देत नाही, कारण त्या सतत बदलतात. खरेदीच्या दिवशी प्रत्येक डिस्कची किंमत टीबीने भागून पाहावी, एवढे पुरेसे आहे.

मी गेली बावीस वर्षे मुंबईतल्या लहान कार्यालयांचे सर्व्हर उभे करतो आणि सांभाळतो. २०१३ साली लोअर परळच्या एका छापखान्यातून सोमवारी सकाळी फोन आला. दिवाळी अंकांचे दिवस होते आणि सर्व्हर उघडत नव्हता. जाऊन पाहिले तर १ टीबीच्या चार डिस्कचे रेड ५, आणि कॅबिनेटवर कागदाची तीन रिमे रचून ठेवलेली. रिमे का, म्हणून विचारले तर ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, डबा सारखा टीं-टीं करत होता, डोकं उठायचं.’ कार्डाच्या नोंदीत पाहिले, तर पहिली डिस्क एकोणीस दिवसांपूर्वीच गेली होती. एकोणीस दिवस ते कार्ड ओरडून सांगत होते, आणि रविवारी रात्री दुसरी डिस्क गेली. सर्व्हरवरचे काहीच परत मिळाले नाही. दोन अंकांची पाने वाचली, ती मुद्रितशोधकाने घरी काम करायला म्हणून पेनड्राइव्हवर नेली होती म्हणून. त्या छापखान्याने रेडवर खर्च केला होता. वाचवले मात्र फुकटच्या पेनड्राइव्हने. तेव्हापासून मी कोणालाही मांडणी सुचवताना आधी विचारतो की डिस्क गेल्याचे कोणाला, कसे आणि किती वेळात कळणार आहे.

रेड ५ विषयी आता थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावर टोकाची मते ऐकू येतात. रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली निबंधरूपात मांडली. त्यांनी हिशेबाला घेतलेली वैयक्तिक संगणकाची डिस्क १०० एमबीची होती आणि सेकंदाला सुमारे १ एमबी या वेगाने वाचली जात होती. म्हणजे पूर्ण डिस्क वाचायला शंभरेक सेकंद. तुमची ८ टीबीची डिस्क क्षमतेने तिच्या ८०,००० पट आहे, पण सलग वाचनाचा सरासरी वेग सेकंदाला १८० एमबी धरला तर वेग मात्र फक्त १८० पट वाढला आहे. गणित मांडले तर पूर्ण डिस्क वाचायला बारा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तोही मशीनवर दुसरे कोणतेही काम चालू नसेल तर. एक डिस्क गेल्यावर नव्या डिस्कवर माहिती पुन्हा बांधताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात. ज्या डिस्क वर्षानुवर्षे आरामात पडून होत्या, त्यांच्यावर सगळ्यात मोठा ताण नेमका त्या दिवशी पडतो ज्या दिवशी आणखी एक डिस्क गेलेली परवडणार नसते.

यावर आणखी एक भीती घातली जाते. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते की शंभर लाख कोटी बिट वाचताना न वाचता येणारी जागा एकापेक्षा अधिक वेळा येणार नाही. शंभर लाख कोटी बिट म्हणजे १२.५ टीबी, मग तीन डिस्क मिळून २४ टीबी वाचताना अपयश ठरलेलेच, असा निष्कर्ष लोक काढतात. मला तो पटत नाही. तो आकडा कंपनीने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे, त्यावरून भविष्य सांगता येत नाही. मी दर महिन्याला कितीतरी मोठ्या डिस्क पूर्ण वाचून तपासतो आणि बहुतेक वेळा एकही चूक सापडत नाही. शिवाय अशी एक जागा सापडलीच, तर ती कोणाला सापडते यावर परिणाम ठरतो. काही जुनी रेड कार्डे तिथेच हात वर करून संपूर्ण पुनर्बांधणी थांबवतात. झेडएफएस (डिस्क आणि फाइली दोन्ही स्वतः सांभाळणारी साठवण-प्रणाली; रेडचे काम ती कार्डाशिवाय करते) ज्या फाइलीचा तो तुकडा होता तिचे नाव सांगून पुढे जाते. एक फाइल जाणे आणि सगळे जाणे यांत फार अंतर आहे.

म्हणून रेड ५ किंवा त्याचा झेडएफएसमधला भाऊ रेड-झेड १ हे पाप आहे, असे मी म्हणणार नाही. बाहेर ताजी प्रत असेल आणि पुनर्बांधणी फसली तर ती परत आणायला दोन दिवस चालणार असतील, तर ते वापरायला हरकत नाही. तुमच्या बेतात ती बाहेरची प्रत नाही, ही माझी अडचण आहे.

रेड १० हा पर्याय तुम्ही विचारला आहे. चार डिस्कच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीत एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर. ८ टीबीच्या चार डिस्कमधून १६ टीबी मिळतील. एक डिस्क गेली, तर उरलेल्या तीनपैकी नेमकी तिची जोडीदार गेली तरच सगळे बुडते. आणि पुनर्बांधणीत फक्त ती एक जोडीदारच वाचावी लागते, बाकीच्यांना त्रास नाही. रेड-झेड २ मध्येही १६ टीबीच मिळतात, पण कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते. वेग थोडा कमी. डिस्क घेऊन झाल्या असत्या, तर मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी मी रेड-झेड २ सांगितले असते.

पण अजून घेतलेल्या नाहीत, म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. चार लहान डिस्कऐवजी तीन मोठ्या घ्या: १६ टीबीच्या दोन डिस्क मशीनमध्ये मिरर करून (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर), आणि तिसरी १६ टीबीची मशीनबाहेर, बॅकअप म्हणून. आज ७ टीबी आहे, वर्षाला २ टीबी वाढते. पूल (झेडएफएसने डिस्क मिळून केलेला एकत्र साठा) ८० टक्क्यांच्या फार वर भरू नये असे धरले, तर १२.८ टीबी वापरायला मिळतात, म्हणजे जवळपास तीन वर्षे निश्चिंती. (संगणक ही डिस्क साडेचौदाच्या आसपास दाखवेल, दुकानदाराने फसवलेले नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या.) तीन वर्षांनी आणखी एक जोडी त्याच पूलमध्ये जोडता येते, कारण दोन जागा मोकळ्या राहिलेल्या असतात. मोठ्या डिस्कचा प्रति टीबी दर बहुधा लहान डिस्कहून फार वेगळा नसतो, आणि फिरणाऱ्या डिस्क चारऐवजी दोनच असल्याने वीज, उष्णता व आवाज तिन्ही कमी होतात.

तिसऱ्या डिस्कचे पैसे आत्ता नसतील तर? अशा वेळी मी देतो तो सल्ला पुष्कळांना विचित्र वाटतो: दोनच डिस्कचे पैसे असतील, तर मिरर करू नका. एक मशीनमध्ये ठेवा, दुसरी रोज रात्री किंवा आठवड्याला जोडून तिच्यावर प्रत काढा आणि पुन्हा काढून ठेवा. मिररमधली दुसरी डिस्क तुमची चूकही त्याच क्षणी इमानेइतबारे उतरवून घेते. कपाटात ठेवलेली डिस्क उतरवत नाही. मशीन एक दिवस बंद राहील, पण ‘तो प्रयोग आता कुठेच नाही’ असे नाट्यसंस्थेला सांगण्याची पाळी येणार नाही.

आणि जुन्या एक्सटर्नल डिस्क पुसू नका. त्यांच्यावर आज ७ टीबीची एक पूर्ण प्रत आयती पडलेली आहे. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवा, आत काय आहे त्याची यादी करा, आणि ठाण्याला किंवा पुण्याला जो कोणी भाऊ, बहीण, मित्र असेल त्याच्या कपाटात ठेवून द्या. वर्षातून एकदा जोडून वाचून पाहा. नव्या चित्रीकरणासाठी लागणारी एखादी पोर्टेबल एसएसडी नवीन घ्या. या सगळ्या खर्चात ती रक्कम लहान आहे.

आता व्हर्च्युअल मशीन. ती या मोठ्या डिस्कवर ठेवू नका, कारण दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे. व्हिडिओ म्हणजे सलग वाचन. एक डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी सहज देते, आणि तुमचे घरचे १ गिगाबिटचे नेटवर्क सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच वाहून नेते. म्हणजे साधी हार्ड डिस्कही तुमच्या वायरीपेक्षा वेगवान आहे. याउलट व्हर्च्युअल मशीन इकडचा चिमूटभर, तिकडचा चिमूटभर असे वाचतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला अर्धा फेरा घ्यायला ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक लागतात, आणि काटा योग्य जागी न्यायला साधारण आठ. एका कामाला बारा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास कामे. पाच मशीन एकदम सुरू झाली की प्रत्येकीच्या वाट्याला सोळा येतात. विंडोज त्यावर किती वेळात उघडते ते एकदा घड्याळ लावून बघाच. साधी साटा एसएसडी अशी हजारो कामे करते.

म्हणून ज्या एसएसडीला तुम्ही कॅश करणार होता, तिलाच व्हर्च्युअल मशीनचे घर करा. १ टीबीची पुरे. शिकण्यासाठीचीच मशीन असल्याने ती मिरर केली नाही तरी चालेल, फक्त रात्री त्यांची प्रत मोठ्या पूलवर पडू द्या. घेताना एक गोष्ट तपासा: स्वस्त क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट कोंबणाऱ्या) एसएसडी पहिले काही जीबी झपाट्याने लिहितात आणि आतली वेगवान जागा भरली की हार्ड डिस्कहूनही मंद होऊ शकतात, म्हणून टीएलसी (कप्प्यात तीनच बिट ठेवणारी) घ्या. डेटाबेस चालवणार असाल, तर आणखी एक बारकावा आहे. डेटाबेस प्रत्येक नोंदीनंतर ‘खरोखर लिहिले का?’ असे विचारून उत्तराची वाट पाहतो. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत वीज गेल्यावरही काम पुरे करण्यापुरता साठा देणारे कपॅसिटर असतात, त्यामुळे ती लगेच ‘हो’ म्हणू शकते. घरगुती एसएसडीला आधी प्रत्यक्ष लिहावे लागते आणि तिथे ती रेंगाळते. तुमच्या सध्याच्या कामाला याची गरज नाही, पण पुढे कधी ‘एसएसडी असून मंद का’ असे वाटले तर कारण बहुधा हेच असेल.

वाचनासाठी वेगळी कॅश लावून तुम्हाला काहीही मिळणार नाही. चित्रीकरण एकदा वाचले की पुन्हा लगेच वाचले जात नाही, आणि वायर आधीच भरलेली आहे. तोच पैसा रॅमवर घाला: १६ चे ३२ जीबी झाले तर झेडएफएस आणि व्हर्च्युअल मशीन दोघांनाही श्वास घेता येईल. नेटवर्क २.५ गिगाबिटचे केले तर संकलन करताना जो फरक जाणवेल तो कोणत्याही कॅशने जाणवणार नाही. एम.२ (थेट मदरबोर्डवर बसणारी) एसएसडी घेणार असाल, तर मदरबोर्डची पुस्तिका आधी उघडा. कित्येक बोर्डांवर ती जागा वापरली की एखादा साटा पोर्ट बंद होतो, आणि लोक मग ‘डिस्क दिसत नाही’ म्हणून रात्र घालवतात.

जुने रेड कार्ड घेऊ नका. तुमच्याकडे सहा पोर्ट आहेत, गरजच नाही. कार्ड बिघडले तर डिस्क वाचायला पुन्हा तसेच कार्ड शोधत हिंडावे लागते, त्याची बॅटरी तर जुन्या मालात मेलेलीच असते. झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात. पुढे पोर्ट कमी पडले तर रेड न करणारे साधे एचबीए कार्ड घ्यावे, आणि त्यावर लहान पंखा बसवावा, कारण ही कार्डे सर्व्हरमधल्या सोसाट्याच्या वाऱ्यासाठी बनलेली असतात आणि घरच्या कॅबिनेटमध्ये तापतात.

डिस्क कोणती घ्यावी, यात नावापेक्षा जात महत्त्वाची. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात; तिला एसएमआर म्हणतात. अशा डिस्कवर मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे सलग बारा तास लिहिण्याच्या वेळी ती गुडघे टेकते, आणि झेडएफएस तिला मेलेली समजून बाहेर काढू शकते. २०२० साली नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या साठवण-पेटीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही गुपचूप याच जातीच्या असल्याचे उघड झाले आणि मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत शोधून ‘सीएमआर’ (पट्टे एकमेकांवर न चढवणारी जात) लिहिलेले पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही. दुसरे, साधी डेस्कटॉप डिस्क खराब जागा वाचायला बराच वेळ झगडत बसते. नॅस किंवा सर्व्हरची डिस्क साधारण सात सेकंदांत नाद सोडते आणि जोडीदाराकडून घ्या म्हणते. मिररमध्ये दुसरा स्वभाव हवा.

आपल्या हवेमुळे आणखी एक विचार. साध्या डिस्कला गाळणी लावलेले एक बारीक छिद्र असते आणि ती बाहेरच्या हवेचा दाब घेते. मोठ्या क्षमतेच्या बहुतेक डिस्क हेलियम भरून पूर्ण बंद केलेल्या असतात. मुंबईच्या पावसाळ्यातल्या दमटपणात मला त्या मनाने बऱ्या वाटतात. १६ टीबी घेतल्यास बहुधा तीच मिळेल. बाहेरचा सर्किट बोर्ड मात्र दोन्हींचा गंजतोच, म्हणून कपाटात ठेवायची डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

सगळ्या डिस्क एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नका. एकाच घाण्याच्या डिस्कमध्ये दोष असला तर तो सगळ्यांत असतो. याचे टोकाचे उदाहरण २०१९ साली दिसले: एका मोठ्या सर्व्हर कंपनीच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधल्या) चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडणार असल्याचे कंपनीनेच जाहीर केले. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तासांचा आकडा ठेवायची जागाच संपत होती. एकाच दिवशी सुरू केलेल्या चार एसएसडी एकाच तासाला गेल्या असत्या, आणि कोणतेही रेड त्यावर चालले नसते. म्हणून मिररमधल्या दोन डिस्क दोन कंपन्यांच्या, निदान दोन वेगळ्या महिन्यांत बनलेल्या असू द्या.

लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जाणार असाल तर बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि दुकानातून निघण्याआधी तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून भारतातली वॉरंटी दिसते का ते पाहा. दुसऱ्या देशासाठीचा माल ‘सील पॅक’ असतो, पण वॉरंटीच्या वेळी उपयोगाचा नसतो. माझी एक डिस्क वॉरंटीत बदलून यायला पाच आठवडे लागले होते. तेवढे दिवस मिरर एका पायावर उभा होता. त्यामुळे वॉरंटी असली तरी डिस्क गेल्याच्या दिवशी नवी विकत आणायची तयारी ठेवावी, आणि बदलून आलेली पुढच्यासाठी राखावी. घरी आणताना ती पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यात, पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यात गुंडाळून आणा. दुकानदार हौसेने देतो त्या कॅरीबॅगेत नको, आणि दादरला गाडी बदलायची असेल तर संध्याकाळी सहा ते आठ टाळा.

आणल्यावर लगेच माहिती भरू नका. आधी स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची) लांब चाचणी, मग संपूर्ण पृष्ठभाग एकदा लिहून एकदा वाचून पाहा. १६ टीबीला यात तीनेक दिवस जातील, जाऊ द्यात. चालू वापरात मी स्मार्टचे तीन आकडे पाहतो: ५ (बदलून टाकलेल्या खराब जागा), १९७ (संशयित जागा) आणि १९८ (वाचताच न आलेल्या जागा). यांतला कोणताही शून्यावरून हलला की डिस्क बदलण्याची तयारी सुरू. गूगलने लाखभराहून अधिक डिस्क अभ्यासून २००७ साली जे मांडले त्यात पहिली वाचनचूक दिसल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली होती. त्याच अभ्यासात असेही दिसले की गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी या प्रमुख आकड्यांतून काहीच पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे आकडा हलला तर विश्वास ठेवा. हलला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. १९९ हा आकडा मात्र वेगळा आहे. तो वाढत असेल तर दोष केबलचा. दादरच्या एका दवाखान्यात मी येण्याआधी दोन चांगल्या डिस्क फेकून दिल्या गेल्या होत्या. मी शंभरेक रुपयांची साटा केबल बदलली आणि आकडा थांबला.

केबलवरून आठवले: एसएमपीएसला साटा जोड कमी पडले म्हणून प्लॅस्टिकमध्ये ओतून बनवलेले स्वस्त कन्व्हर्टर लावू नका, ते आत शॉर्ट होऊन वितळतात. आणि नवी डिस्क फिरतच नसेल, तर ती परत करण्याआधी पाहा की जुन्या एसएमपीएसच्या तिसऱ्या पिनेवरचे ३.३ व्होल्ट तिला बंद राहायला सांगत आहेत का. सर्व्हरच्या कित्येक डिस्कमध्ये ती पिन बंद करण्याच्या आज्ञेसाठी असते. तेवढी पिन उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकली की डिस्क फिरू लागते.

मशीन कुठे ठेवता तेही सांगायला हवे. आपल्याकडे जागेअभावी ते माळ्यावर किंवा टीव्हीखालच्या बंद कपाटात जाते. मे महिन्यात माळ्यावर डिस्क पन्नाशीच्या वर जाते. कंपनीची मर्यादा बहुधा ६० अंश असते, पण मी ४५ च्या आत ठेवतो. समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा डिस्कवरून वारा ओढेल असा लावला की पुरते. जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तळमजल्यावरची किती कार्यालये सर्व्हरसकट बुडाली ते मी पाहिले आहे. तुम्ही चौथ्या मजल्यावर असाल, पण लादी पुसणारी बादली प्रत्येक मजल्यावर असते. मुंबईची वीज फारशी जात नाही म्हणून यूपीएस टाळतात; १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचा मोठा भाग बंद पडला तेव्हा ज्यांचा यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडलेला होता त्यांची मशीन शिस्तीत बंद झाली, बाकीच्यांची पडली. नुसता यूपीएस ठेवून भागत नाही, ती यूएसबी वायर जोडून ‘बॅटरी इतकी उरली की बंद हो’ असे सांगावे लागते. विजेचा हिशेबही करून ठेवा: ४५ वॉट घेणारे मशीन चोवीस तास चालले तर महिन्याला ३२ युनिटच्या आसपास होतात, तुमच्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याचा दर त्याला लावा.

क्रम असा ठेवा. आधी बाहेरची डिस्क घेऊन तिच्यावर सगळ्या एक्सटर्नलमधले गोळा करा. मग मिररची जोडी, मग एसएसडी आणि रॅम, आणि यूपीएस त्याच महिन्यात. पूल बनवताना सेक्टर (डिस्कवरचा लिहिण्याचा सर्वांत लहान तुकडा) ४ केचा, म्हणजे ४,०९६ बाइटचा असल्याचे स्पष्ट सांगा, नंतर ते बदलता येत नाही. रोज एक स्नॅपशॉट (त्या क्षणी पूल कसा होता त्याची गोठवलेली नोंद), महिन्यातून एकदा स्क्रब (सगळी माहिती वाचून तपासणे). स्नॅपशॉटमुळे चुकून पुसलेले परत मिळते, बाहेरच्या डिस्कची गरज मात्र त्याने कमी होत नाही. प्रती काढण्याचे काम आपोआप होऊ द्या, पण महिन्यातून एकदा बॅकअपमधला एखादा जुना प्रयोग हाताने उघडून, मध्यावर नेऊन, दोन मिनिटे चालवून पाहा.

आणि खरे चित्रीकरण चढवण्याआधी एक चाचणी करा. पूलवर हजारभर टाकाऊ फाइली टाका, मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढा, पुन्हा चालू करा आणि खिशात मोबाइल घालून बाहेर चहाला जा. चहा संपायच्या आत ‘डिस्क गेली’ असा मेल मोबाइलवर आला पाहिजे. आला नाही तर आधी तो दुरुस्त करा. तोपर्यंत एकही प्रयोग त्या मशीनवर ठेवू नका.